दोन डोळे, दोन पांढरे

डोंबिवलीतली पश्चिमेची खोली, आजींची, मला रंगवायची होती. त्यांच्या मुलाने भिंतींसाठी दोन ऑफव्हाइट निवडले होते, एक पिवळसर झाकेचा, एक निळसर. शेडकार्डावर दोन्ही जवळपास सारखेच.

मी नमुना थेट भिंतीवर कधीच लावत नाही. खाली जुना हिरवा असला की डोळा नव्या रंगाला त्याच्याशीच ताडून बघतो. हार्डबोर्डवर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, कडेला दोन बोटं कोरी पांढरी, आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, वाळलं की सहसा गडद होतं. मग तीच फळी सकाळी, उन्हं आत आल्यावर आणि रात्री दिव्याखाली. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली छान वाटलेला रंग ३००० च्या पिवळ्या दिव्यात ओळखू येत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. झगझगीत ट्यूबखाली कार्ड उघडतात आणि डबा हातात देतात.

आजींना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या धंद्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रंग विचारायची पद्धतच नाही, आणि मला त्याचा राग येतो. मी फळ्या त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी उजवा डोळा झाकला, "हा निळा कुठे आहे? पांढराशुभ्र आहे. दुसरा मळकट." मग डावा झाकला. "अगंबाई! आता मळकट होता तो छान दिसतोय, आणि हा दवाखान्यासारखा."

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं व्हायचंय. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं. ऑपरेशनमध्ये बसवलेलं नवं भिंग तो आत सोडतं. चित्रकार क्लोद मोने यांच्याही एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, १९२३ साली, आणि नंतर रंग वेगळेच दिसतात म्हणून ते हैराण झाले होते.

मुलगा म्हणाला, "आईचं काय, निळसर लावून टाका, गणपतीआधी संपवा." मी पुट्टी आणि प्रायमर झाल्यावर काम थांबवलं. राहणार त्या, बघणार त्या. शेवटी आजींनीच पिवळसर सांगितला. "उद्या दोन्ही डोळे असेच होणार ना? मग या डोळ्याचं ऐका."

तोच लावला. पण तोवर डाव्या डोळ्याला ती भिंत मळकट दिसणार, हे मला सलतंय. दोन्ही फळ्या त्यांच्याकडेच ठेवल्यात. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, तेव्हा पुन्हा जाऊन विचारणार.