विषय : चित्रपटाचा शेवट

आम्ही काही मित्रांनी स्वखर्चाने मराठी चित्रपट केला. वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून त्यांची कोणती इच्छा राहिली असेल यावर तिन्ही भावंडे वाद घालू लागतात आणि बघता बघता नौपाड्यातल्या फ्लॅटच्या वाटणीवर येतात. विनोद काळा आहे, घरातले एकही माणूस धड नाही आणि बहुतेक सगळे दोन खोल्यांत घडते. त्या खोल्या माझ्या आत्याने आनंदाने दिल्या. कलाकार, कॅमेरा, ध्वनिमुद्रण यांची जुळवाजुळव बिनबोभाट झाली. अडलो ते तिच्या गृहनिर्माण संस्थेच्या ना-हरकत पत्रापाशी.

लिफ्ट, पाणी आणि पार्किंग यांविषयीच्या शंका रास्त होत्या आणि त्यांची लेखी उत्तरेही आम्ही दिली. त्यानंतर सचिवांनी पटकथा मागितली. ती देण्यास नकार दिल्यावर कथासार तरी द्या, असा आग्रह झाला, म्हणून एका पानाचे कथासार दिले आणि ते पान इमारतभर फिरले. थोरला भाऊ मृत्युपत्र पिठाच्या डब्यात लपवतो, हे वाचून एका सभासदांनी मला जिन्यात गाठले आणि "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असे दरडावून विचारले. त्यांच्या घरातही मृत्युपत्र सापडत नाही, हे मला त्या प्रश्नामुळेच कळले. अध्यक्षांचे म्हणणे निराळे होते : अशी माणसे दाखवल्यास इमारतीचे नाव खराब होईल. पुढे संस्थेच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह पत्र आले. त्यात "विषय : चित्रपटाचा शेवट" असे लिहून, भावंडांनी अखेरीस एकमेकांची क्षमा मागावी अशी सूचना केलेली होती. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

यानंतर नकारही नाही आणि होकारही नाही. "कमिटीत विषय झाला, सदस्यांचा विरोध आहे" एवढेच तोंडी सांगितले जाई आणि इकडे कलाकारांच्या तारखा निसटत होत्या. अखेर आत्यानेच मार्ग काढला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सभासदाला समितीच्या सभांचे इतिवृत्त पाहता येते आणि शुल्क भरून त्याची प्रतही मागता येते. तिने तसा अर्ज देऊन पोच घेतली. प्रत हाती आली तेव्हा दिसले की आमचा विषय एकाही सभेत नोंदलेलाच नव्हता, म्हणजे ज्या विरोधाचा एवढा गाजावाजा चालला होता त्याला कागदावर अस्तित्वच नव्हते. तिने हे लेखी विचारताच पुढच्याच सभेत परवानगीचा ठराव झाला. अटी एवढ्याच की इमारतीची पाटी दिसू नये, सामान लिफ्टने नेऊ नये, रात्री नऊला काम थांबावे आणि अनामत रक्कम भरावी. चौथ्या मजल्यापर्यंत दिवे खांद्यावरून नेले, पण भावंडांनी शेवटपर्यंत एकमेकांची क्षमा मागितली नाही.

म्हणून चित्रीकरणाच्या परवानगीचा अर्ज निर्मात्याने न करता फ्लॅट ज्याच्या नावावर आहे त्या सभासदाने करावा. त्यात तारखा, वेळा, माणसांची संख्या आणि वाहने एवढेच लिहावे, कथेचा एक शब्दही लिहू नये. कथेवर मत देण्याचा अधिकार सेन्सॉर बोर्डाला आहे, सोसायटीला नाही.

सेन्सॉरवरून आठवले. चित्रपटात पशुपक्षी वापरले की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आमच्या कथेत कावळा न येणे हाच मुद्दा असल्याने तो दाखवण्याची गरजच पडली नाही. पात्र सिगारेट ओढत असेल तर पडद्यावर इशारा आणि तंबाखूविरोधी चित्रफिती दाखवणे बंधनकारक आहे, त्यामुळे थोरल्या भावाच्या हाती आम्ही बडीशेपेची डबी दिली आणि तो त्यामुळे अधिकच कोडगा वाटू लागला. 2023 च्या कायदादुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या वर्गात 7, 13 आणि 16 वर्षे असे टप्पे आले आहेत. आम्हाला यूए 16+ मिळाले.

अनामत रकमेविषयी सांगायचे राहिले. जिन्यातल्या भिंतीवर ओरखडे पडले, असे सांगून सचिवांनी तिच्यातून रंगकामाचा खर्च कापला होता. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आत्याने प्रत्येक मजल्याच्या भिंतीचे, त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी धरून, फोटो काढून ठेवले होते. ते पुढे ठेवल्यावर पूर्ण रकमेचा धनादेश मिळाला.