तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं उन्हात बसलं तर नाही का चालत?

सोरायसिस या त्वचेच्या आजारासाठी मी लाइट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, घ्यायला जाते म्हटलं की हा प्रश्न येतोच. अतिनील किरणच ना, मग ऊन काय वाईट?

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. भर दुपारी उन्हात बसले, खांदे भाजले, सालं निघाली आणि दोनेक आठवड्यांत नेमक्या त्याच जागी नवे चट्टे उठले. सोरायसिसमध्ये त्वचेला इजा झाली की तिथेच चट्टा येऊ शकतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्हीए प्रकारचे असतात. माझ्या उपचाराला लागतात ते दुसऱ्या प्रकारचे, यूव्हीबी, आणि त्यातलाही ३११ नॅनोमीटरच्या जवळचा अरुंद पट्टा. १९८१ मध्ये पॅरिश आणि जेनिक या संशोधकांनी दाखवलं की २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या लहरींनी त्वचा लाल होते, पण चट्टे जात नाहीत. ३१३ च्या लहरींनी जातात. चट्ट्यावरची त्वचा महिन्याऐवजी चार-पाच दिवसांतच नवी होत असते. हे किरण तो वेग कमी करतात आणि त्वचेत खवळलेल्या टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, शांत करतात.

खरी गोष्ट आहे मापाची. लाइटच्या केबिनमध्ये चारी बाजूंनी माणसाच्या उंचीच्या ट्यूब, डोळ्यांवर काळा गॉगल, पंख्याची घरघर. पहिल्या दिवशी मी मनात आकडे मोजत होते. तीसच्या आत दिवे विझलेसुद्धा! पुढच्या वेळी सिस्टरांनी आधी विचारलं, "लाली आली होती? किती वेळ टिकली?" आणि मगच वहीत सेकंद वाढवले. लाली टिकून असेल तर त्या दिवशी लाइट नाही. उन्हाला असं कोण विचारणार? कालची दहा मिनिटं आणि आजची दहा मिनिटं सारखी नसतात.

कोपरांवरच्या जाड खपल्यांत किरण अडकतात, म्हणून आत जाण्याआधी तिथे लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवते. जाड मलम मात्र नाही, ते उलट किरण अडवतं.

आठवड्यातून तीनदा, साधारण वीस ते तीस सिटिंग. वेळ जातो, आणि बरे झालेले चट्टे पुन्हा येऊही शकतात. तरी अठराव्या सिटिंगनंतर कोपर वाकवलं आणि त्वचा तडकली नाही, तेव्हा मी बराच वेळ ते नुसतं वाकवत-सरळ करत बसले होते.

आणि हो, सिटिंगच्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून सावलीतूनच घरी येते. त्या दिवसाचं ऊन मोजून घेऊन झालेलं असतं.