याशिका इलेक्ट्रो ३५: घरातले फोटो काळे येतात तेव्हा

शटर वाजतं, तरी घरातले फोटो काळेच? आधी सेल बघा. वीज नसली की हा फिल्मचा कॅमेरा कायम १/५०० सेकंदावरच चालतो, म्हणजे शटर क्षणभरच उघडतं आणि घरात प्रकाश कमी पडतो. मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल त्याहून लहान असतो, म्हणून कागदात गुंडाळून घाला, उरलेल्या जागेत स्प्रिंग.

बेळगाव-खानापूरचा पावसाळा याला फार वाईट. आत विसरलेला सेल पाझरतो आणि सेलच्या कप्प्यातल्या धातूच्या पट्टीवर हिरवट-पांढरी पूड धरते. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. धातू चकाकला की थांबा, जास्त खरवडू नका. तरीही सेल तपासायचा दिवा लागत नसेल तर कप्प्याची तार गंजून तुटली असेल. नवी सोल्डर करा.

फिल्म पुढे ओढताना 'खट्' होत नसेल, तर आतली रबरी गादी झिजली आहे. त्यासाठी कॅमेरा उघडावाच लागतो.