तीन किलो तांदूळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागताना संपादक मंडळाने स्नेहसंमेलन, सहली आणि आवडते शिक्षक असे विषय सुचवले होते. त्या तिन्हींवर इतर जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील अशी खात्री असल्यामुळे मी शाळेतून मिळणाऱ्या तांदळाविषयी लिहिणार आहे. आमच्या वेळच्या पुष्कळ घरांत हा तांदूळ शिजला, पण त्याविषयी कोणी चारचौघांत बोलल्याचे मला आठवत नाही.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सगळीकडे पोहोचली. अन्न शिजवून देण्याची सोय नसल्यामुळे आपल्याकडे सुरुवातीला पहिली ते पाचवीच्या मुलांना कोरडा तांदूळच मिळे. महिन्याला ३ किलो, आणि अट एकच, ८० टक्के हजेरीची. उत्पन्नाचा दाखला नको, अर्ज नको, पालकाने यायचे, नोंदवहीत सही करायची आणि पिशवी भरून न्यायची. अनुदानित शाळेतल्या प्रत्येक मुलाचा तो हक्क होता, त्यामुळे कागदावर पाहिले तर त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. पण बऱ्या परिस्थितीतले पालक तो न्यायला येत नसत, आणि ते येत नसत म्हणून जे येत त्यांची परिस्थिती आपोआप जाहीर होई.

आमचे अण्णा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम करत. मी तिसरीत असताना तो छापखाना बंद झाला. संगणकावर मजकूर जुळवून ऑफसेटवर छापणे स्वस्त पडू लागल्यावर मालकांनी खिळे शिशाच्या भावाने वजनावर विकून टाकले. अण्णा मग घरी मुद्रिते तपासायला आणू लागले, पण त्या कामाचे पैसे कधी येतील याचा भरवसा नसे. त्याच सुमारास शाळेतून तांदळाची चिठ्ठी आली. “ज्यांच्या घरी खरोखर नाही त्यांच्या तोंडचा घास आपण कशाला काढायचा?” असे म्हणून अण्णांनी ती चिठ्ठी पंचांगात ठेवून दिली. आमच्या घरी त्या आठवड्यात काय होते आणि काय नव्हते हे आईला ठाऊक होते. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी रेक्झिनची पिशवी घेऊन शाळेत गेली. येताना तिने मंडईतून कोथिंबिरीची एक जुडी घेतली आणि तांदळावर अशी पसरून ठेवली की, वाड्याच्या दिंडी दरवाज्यापासून आमच्या खोलीपर्यंत ज्यांच्या समोरून जायचे त्या सर्वांना ती भाजी घेऊन आली आहे असेच वाटावे. ही कोथिंबीर पुढे कित्येक महिने चालू राहिली. तांदूळ जाडा होता, निवडायला वेळ लागे आणि त्याचा भात चिकट होई, म्हणून आई तो भिजवून, वाटून त्याची घावने करी. अण्णा ती खात आणि तांदूळ कुठला हे विचारत नसत.

आजोबांना मात्र हा सगळा लपाछपीचा प्रकार पसंत नव्हता. ते रत्नागिरीकडून पुण्यात शिकायला आले तेव्हा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी, जेवले होते. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची व्यवस्था ही पुण्यात नवी गोष्ट नव्हे. घरोघरचे वार होते, माधुकरी होती, १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, होते. आता मागे वळून त्या दिवसांविषयी बोलताना लोक यजमानांच्या औदार्याचे फार कौतुक करतात. आजोबा ते करत नसत. कोणत्या घरी पान आतल्या पंगतीत मांडत आणि कोणत्या घरी ओसरीवर, कुठे दुसऱ्यांदा भात घ्यावा आणि कुठे घेऊ नये, हे त्यांच्या सत्तरीतही पक्के लक्षात होते. एकदा ते अण्णांना म्हणाले, “अरे, मला मंगळवारी एका बाईंचं तोंड बघून जेवावं लागे आणि बुधवारी दुसऱ्या बाईंचं. सरकारच्या तांदळासाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही. तुला लाज कसली वाटते?” अण्णांनी उत्तर दिले नाही, आणि मला वाटते त्यांच्यापाशी उत्तर होते. आजोबांना ओळखणारे कोणी त्या घरांत नव्हते. अण्णांना मात्र सगळी पेठ ओळखत होती.

आमच्या वर्गाच्या बाईंनी या बाबतीत जे केले ते योजनेच्या कोणत्याही परिपत्रकात नसावे. सुरुवातीला तांदूळ न नेलेल्या मुलांची नावे वर्गात वाचली जात, ते त्यांनी बंद केले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी निरोप धाडला की नोंदवही पुरी व्हायला हवी, सबब प्रत्येक पालकाने स्वतः येऊन सही करावी आणि आपल्या पाल्याचा तांदूळ उचलावा, मग त्याचे काय करायचे ते घरी ठरवावे. त्यामुळे आमच्या वर्गातल्या एका डॉक्टरांच्या पत्नीही पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि जाडा तांदूळ इडलीला चांगला की डोशाला, यावर आईशी बोलू लागल्या. त्या दिवशी आई मंडईकडे न वळता थेट घरी आली.

शाळेत अन्न शिजवून द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि धाकट्या भावाच्या वेळी खिचडी सुरू झाली. तेव्हा पुन्हा तेच झाले. घरून डबा आणणारे वर्गात बसत, खिचडी खाणारे व्हरांड्यात, आणि आठवड्याभरात दुसऱ्या गटाला नावही पडले. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेऊन नोंद करायची असा नियम आहे. आपल्या शाळेत काही शिक्षक चव घेऊन थांबले नाहीत, ताटली घेऊन मुलांच्या पंगतीतच बसले. डबे आणि खिचडी यांची अंगतपंगत सुरू झाल्यावर भावाच्या डब्यातली पोळी बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी पोटात जाऊ लागली.

हे सगळे मी तटस्थपणे लिहू शकले असते, पण २०२० मध्ये माझी मुलगी याच शाळेत दुसरीत होती. माझ्या यजमानांची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे आणि शाळा बंद झाल्यावर ती दारात उभी होती. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य पालकांनी घेऊन जावे, असा संदेश वर्गाच्या ग्रुपवर आला, तेव्हा आजोबांचे म्हणणे मला तोंडपाठ होते, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना हा हक्क दिला आहे हेही माहीत होते, आणि तरीही तोंडावर मास्क आहे हे बरे झाले असेच मला वाटले. रांगेत माझ्या पुढच्या बाईंनीही मला ओळखले नसल्यासारखे केले. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसत होतो.

महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी संघ गरजू मुलांसाठी सकाळच्या अल्पोपाहाराचा निधी उभारत आहे, म्हणून हे लिहिले. माझी विनंती अशी आहे की ‘गरजू’ मुलांची यादी करू नये. निधी कमी पडला तर इयत्ता कमी घ्याव्यात, पण ज्या वर्गाला द्यायचे त्या अख्ख्या वर्गाला द्यावे. वाटपाची छायाचित्रे काढू नयेत आणि देणगीदारांच्या हस्ते वाटपही नको. अंगणवाडीच्या ताई किंवा खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या मावशी वाढतील तर मुले जास्त जेवतील, हा माझा अनुभव आहे. माझी देणगी मी कार्यालयात जमा केली आहे. नाव देऊ नका असे सांगितले होते, पण नावाशिवाय पावती फाडता येत नाही असे समजल्यामुळे ते द्यावे लागले.