गुडघा बदलताना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी मी काय काय केलं

कृत्रिम गुडघ्यात जंतू शिरले की साध्या जखमेसारखं गोळ्यांनी भागत नाही. धातू आणि प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यांना चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थराच्या आत अँटिबायोटिक पुरेसं पोचत नाही. मग गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागतो. उशीर झाला असेल तर सगळे भाग काढून, संसर्ग पूर्ण गेल्यावर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवे बसवावे लागतात. यातले बरेचसे जंतू पेशंटच्याच कातडीवरचे किंवा नाकातले असतात. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून नोकरी झालेली असल्यामुळे स्वतःवर पाळी आली तेव्हा एवढं पक्कं माहीत होतं की थिएटर कितीही चकचकीत असलं, तरी निम्मी तयारी घरीच व्हायची असते.

सर्जननी तारीख द्यायच्या आधी मीच त्यांना यादी दिली. पहिली गोष्ट साखर. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच आहे, कारण चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. मधुमेह नसला तरी ऑपरेशनच्या ताणाने साखर वर जाते, म्हणून त्या एकदोन दिवसांत ती २०० च्या खाली ठेवतात की नाही, हे विचारायला लाजू नये. दुसरी गोष्ट दात. किडलेला दात किंवा पू येणारी हिरडी असेल तर ते काम आधी उरकायचं. लघवीला जळजळ होत असेल तर त्याची तपासणीही आधीच. आणि पाय! टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतली चिखली, खाजवून झालेल्या खपल्या यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जंतूंना आत शिरायला तीच सोपी वाट असते. बेचकी कोरडी करून मलम लावणं रोज रात्री चालू ठेवलं. दुखणं थांबावं म्हणून गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगायचं, कारण त्यानंतर साधारण ३ महिने ऑपरेशन टाळतात. संधिवाताच्या गोळ्या चालू असतील तर कोणती किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं, शेजारणीने नाही.

तंबाखूबद्दल विचारलं की आपल्याकडच्या बायका ‘छे, मी कुठली ओढते’ म्हणून मोकळ्या होतात आणि मिश्री राहून जाते. निकोटिन मिश्रीतूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पडतो. किमान ४ आठवडे आधी सगळं बंद, गुटखासुद्धा.

आदल्या रात्री आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अंघोळ. साधा साबणही चालतो. मला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं द्रावण दिलं होतं. ते मानेच्या खालीच वापरायचं. डोळे, कान आणि गुप्तांगाला लावायचं नाही. अंगावर दोनेक मिनिटं राहू द्यायचं, मग पाणी ओतायचं. लोक लावतात आणि लगेच धुऊन टाकतात, मग उपयोग काय? नंतर धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. तेल, पावडर, क्रीम काही नाही. नेलपॉलिशही काढायचं.

माझा खरा वाद झाला तो केसांवरून. बऱ्याच ठिकाणी अजूनही आदल्या रात्री वॉर्डात ब्लेडने गुडघा तासतात. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे: केस काढूच नयेत, आणि काढायलाच हवेत तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने. मी ब्लेडला नम्रपणे नाही म्हटलं, सर्जनना सांगितलं आणि क्लिपर मिळाला. ‘आपणच घरून साफ करून जावं’ हा शहाणपणा तर मुळीच करू नये.

अँटिबायोटिकचं शिरेतलं इंजेक्शन चिरा देण्याआधी, बहुतेक औषधांच्या बाबतीत तासाभराच्या आत जायला हवं, म्हणजे कातडी उघडते तेव्हा औषध मांसात पोचलेलं असतं. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असेल तर नेमकं काय झालं होतं ते सांगायचं. नुसती मळमळ झाली असेल तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, आणि त्यापायी चांगलं औषध हातचं जातं. थिएटरबाहेर थंडी वाजली तर पांघरूण मागायचं. शरीर ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की संसर्गाचा धोका वाढतो.

ऑपरेशननंतर मोह होतो तो ‘आठ दिवसांचा कोर्स’ मागण्याचा. ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवल्याने संसर्ग कमी होत नाही, जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. त्यापेक्षा लघवीची नळी कधी काढणार, हे सकाळच्या राउंडला विचारावं.

ड्रेसिंग पहिले ४८ तास शक्यतो उघडायचं नाही. रक्ताने किंवा पाण्याने भिजलं तर मात्र लगेच बदलून घ्यायचं, कारण ओल्या कापसातून जंतू आत ओढले जातात. ते बर्फाच्या पिशवीनेही भिजतं, हे कुणी सांगत नाही. बर्फ प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, त्यावर कोरडा पंचा, मग गुडघ्यावर. ड्रेसिंग करणाऱ्याने, फिजिओथेरपीवाल्यानेही, हात सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद चोळले नसतील तर आठवण करायची. भेटायला येणाऱ्यांना पलंगावर बसू द्यायचं नाही, आणि ‘बघू कसं झालंय’ म्हणत चादर उचलणाऱ्या मावशींना प्रेमाने थोपवायचं.

घरी बादलीने अंघोळ करताना पायाला गुंडाळलेल्या प्लॅस्टिकमध्ये वरच्या कडेनेच पाणी शिरतं. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते १४ दिवस, मी अंग पुसूनच घेतलं. जखमेवर हळद, खोबरेल, पावडर काहीच नाही. हळद दुधात घ्या हवी तर. डब्यातली हळद निर्जंतुक नसते.

गुडघा गरम लागणं आणि सुजणं काही महिने चालू शकतं, त्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं तर, लाली पसरू लागली तर, १००.४ च्या वर ताप आला तर, किंवा आठवडा झाल्यावरही जखमेतून पाणी झिरपत असेल तर. अशा वेळी मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करणं सगळ्यांत वाईट. त्याने लक्षणं दबतात आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) जंतू उगवतच नाहीत, मग कोणतं औषध द्यायचं ते कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पकडलं तर गुडघा धुऊन, मधलं प्लॅस्टिक बदलून बाकीचे भाग वाचवता येतात. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत रुग्णालयं संसर्गाची नोंद ९० दिवसांपर्यंत ठेवतात, म्हणून तोवर फोनमध्ये जखमेचे फोटो तारखेसह ठेवले. वळून बघताना ‘काल एवढंच लाल होतं का’ हा वाद राहत नाही. पुढेही कुणी गुडघ्यात सुई घालून पाणी काढू म्हणालं, तर ते ऑपरेशन केलेल्या सर्जनना विचारल्याशिवाय करू द्यायचं नाही.