सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर: मागे कॅरव्हॅन, आधी वजनकाटा

सकाळी सहाला आम्ही मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर उभे होतो. मेहुण्याची डिझेल एसयूव्ही, तिला जोडलेली पुण्याच्या मित्राची दोन चाकी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं, आत मुक्काम करता येणारं छोटं घर, आणि मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. जानेवारीची अखेर, सिद्धेश्वरांची यात्रा नुकतीच पार पडलेली. काट्यावरच्या पोराने विचारलं, "दादा, डबा सोडून घ्यायचाय का जोडून?"

"सोडून," मी म्हटलं. मला त्या डब्याचं खरं वजन हवं होतं.

खरं तर ही सहल आमच्या घरच्या हॅचबॅकने करायची होती. गेली आठ वर्षं तिने पंढरपूर, अक्कलकोट, पुणं बिनतक्रार केलंय. एका फॅब्रिकेटरने बंपरमागे तासाभरात हूक बसवून देतो म्हटलंही होतं. त्याच्याकडे जाण्याआधी मी गाडीचं हँडबुक काढलं. ट्रेलर ओढण्यासाठी ही गाडी बनवलेली नाही, असं त्यात स्वच्छ छापलंय. तरी मन मानेना, म्हणून लेस्टरला राहणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो दर उन्हाळ्यात कॅरव्हॅन घेऊन फिरतो.

"मामा, ओढेल हो ती," तो म्हणाला. "पण उतारावर मागचा डबा ढकलायला लागला की तिला आवरणार नाही. गाडीचं रिकामं वजन किती?"

गाडी १,०५० किलो. कॅरव्हॅन रिकामीच ९६०, आणि पूर्ण भरल्यावर तिला १,३०० पर्यंत परवानगी. तिकडे इंग्लंडात नवख्या माणसाला सांगतात की भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, सल्ला आहे, पण अनुभवातून आलेला. माझ्या गाडीला ही मर्यादा ८९० किलोच्या आसपास येते, म्हणजे एक उशीसुद्धा न ठेवता कॅरव्हॅन जड. तिथेच मी हॅचबॅकचा नाद सोडला. मेहुण्याची एसयूव्ही १,८७० किलोची, हूक थेट चॅसीला बोल्ट केलेला, आणि तिच्या हँडबुकात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा १,८०० दिलेली. भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर मिळून किती चालेल, तो आकडाही पाहून घेतला. तो बरेच जण बघत नाहीत. गाडीत पाच माणसं आणि डिकी गच्च भरली की तोच आधी ओलांडला जातो.

काट्यावर आकडा आला १,१८०. माझा अंदाज अकराशेचा होता. मित्राने नंतर बसवलेली मोठी बॅटरी आणि बाहेरचं छत कॅरव्हॅनच्या प्लेटवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात धरलेलं नव्हतं. शिवाय आमचं सामान: पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन, पाच किलोचा गॅस सिलिंडर, सोलापुरी चादरी, भांडी, कडक भाकऱ्यांचा डबा. एकेक वस्तू हलकी वाटते. तरी एसयूव्हीच्या ६३ टक्केच भरलं, म्हणून जीव भांड्यात पडला.

पण दुसरं एक वजन, हूकवर येणारं, अजून बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी हैदराबाद रस्त्यावर चाचणी घेताना, ताशी ६५ वर एक ट्रक शेजारून गेला आणि कॅरव्हॅनचं शेपूट डावीकडे-उजवीकडे हलायला लागलं. पोटात खड्डा पडला. भाच्याने बजावलं होतं तसं केलं: जोरात ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. आठ-दहा सेकंदांत ती शांत झाली. वेग वाढवून तिला सरळ करू पाहणं सगळ्यात धोक्याचं.

अण्णा, माझे वडील, मागच्या सीटवर होते. उभा जन्म मोहोळ तालुक्यात शेतीत गेलेला. काट्यावर ते खाली उतरले, हूकचा दांडा हाताने उचलून बघितला आणि म्हणाले, "उलाळ हाय ही. पोती मागं चढवली की जू वर उचलतं, बैलाच्या मानंवर भार राहत नाही. मग गाडी हेलकावंच खाणार की."

एवढं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅरव्हॅनच्या वजनातलं पाच ते सात टक्के हूकवर यावं लागतं; आमच्या बाबतीत साधारण ६० ते ८० किलो. मोठा काटा दहा-दहा किलोत सांगतो, म्हणून घरचा बाथरूमचा काटा आणला होता. दांड्याखाली लाकडाचा ठोकळा लावून मोजलं. फक्त ३०. पाण्याचे तिन्ही कॅन आम्ही अगदी मागे ठेवले होते. ते उचलून चाकांच्या आखावर, खाली फरशीवर ठेवले आणि पट्ट्याने बांधले. पुन्हा मोजलं: ६८. अण्णांनी दांडा पुन्हा उचलून बघितला. "आता बसली."

टायरची हवा, सुरक्षा साखळी, मागचे दिवे, रुंद आरसे तपासून साडेसातला निघालो. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी आणि नंबर प्लेट लागते. ती कागदपत्रं मित्राने पिशवीत घालूनच दिली होती. बोरामणीच्या माळावर एक बस वाऱ्यासारखी ओलांडून गेली. मी आरशात बघत होतो. डबा जरासा थरथरला आणि रेषेत राहिला. सगळा रस्ता ६० च्या आत.

नळदुर्गात मनसोक्त थांबलो. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात त्याच्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. जानेवारीत तो कोरडा, पण आतल्या गारव्यात उभं राहिलं की चारशे वर्षांमागच्या गवंड्यांपुढे हात जोडावेसे वाटतात. रात्री ओळखीच्यांच्या रानात मुक्काम केला. हुरडा, शेंगाचटणी, दही. लेकीला कॅरव्हॅनच्या खिडकीतून चांदण्या मोजता आल्या.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला भवानीचं दर्शन घेतलं आणि दुपारी घाट उतरायला लागलो. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरावर, सोलापूर दीड-दोनशे मीटर खाली. उतार सुरू होण्याआधीच मी गिअर खाली आणला. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. कॅरव्हॅनचे ब्रेक ती गाडीला रेटायला लागली की आपोआप लागतात. ते लागताना हूकपाशी हलका धक्का जाणवायचा. हॅचबॅकचा विचार तिथे पुन्हा आला आणि अंगावर काटा उभा राहिला. हेच वळण, हाच डबा, आणि पुढे त्याच्यापेक्षा हलकी गाडी.

तामलवाडीला चहासाठी थांबलो. अण्णा चहा न घेता आधी कॅरव्हॅनभोवती फिरले. दोन्ही चाकांजवळ तळहात नेला, मग एकेका रिमला बोटं लावून बघितली.

"दोन्हीबी सारखीच ऊन हायती," ते म्हणाले, आणि मग कपबशी हातात घेतली.