झुडपीत एक चक्कर

भाऊबीजेला पुण्याहून भाचा आला की त्याला वाघ पाहिजे असतो. यंदा सफारीचं बुकिंग मिळालं नाही, म्हणून त्याला म्हटलं, चल, गावामागच्या झुडपीत फिरून येऊ. आई हसायलाच लागली. "कामाबिगर जंगलात कोन जाते रे?" तरी निघताना रिकामी थैली घेतलीच तिनं.

'झुडपी' म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. धड रान नाही, धड पडीक नाही. नागपूर, वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. ते जंगल आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं खल झाला आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे जंगलच. तोवर आमची ढोरं, आमच्या काड्या आणि पोट्ट्यांचं क्रिकेट सगळं तिथंच चाललं होतं.

दहाच्या उन्हात निघालो. बोरचा व्याघ्र प्रकल्प काही फार लांब नाही, त्यामुळे आधी गायकीला, म्हणजे आमच्या गुराख्याला, विचारलं. तो म्हणाला, चार दिवसांत ढोरं बिचकली नाहीत, जा खुशाल. माझा वनखात्याच्या पाटीपेक्षा त्या ढोरांवर जास्त भरवसा आहे.

सागाचं कोवळं पान भाच्याच्या तळहातावर चोळलं. हात लालभडक! "मामा, रक्त!" म्हणून तो किंचाळला आणि पुढचा अर्धा तास दिसेल त्याला हात दाखवत सुटला. जुन्या पानांची तर चाळण झाली होती. अळीनं हिरवं तेवढं कुरतडून शिरांची जाळी शिल्लक ठेवलेली. एक पान सूर्यासमोर धरलं तर त्याच्या तोंडावर सावलीची लेस पडली.

पण खरी गंमत सीताफळांची. नाव सीतेचं असलं तरी हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. झुडपीत मात्र ते घरच्यासारखं माजतं, कारण त्याच्या पानाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. भाचा दिसेल ते फळ ओढू लागला तसा आईनं त्याचा हात धरला.

"डोये उघडले का पाह्य आधी. मिटले असन तं तोडू नको, काळं पडते."

वाकून बघितलं. फळावरचे फुगीर खवले एकमेकांपासून सुटले की मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसतात, तेच उघडलेले डोळे. पोरगं मग झाडाझाडाखाली मान वाकडी करून डोळे शोधत हिंडलं. वाघाचं नाव नाही. दोन किलोमीटरला आम्हाला अडीच तास लागले. आई सगळ्यांच्या मागं होती आणि थैली तिचीच भरली.

घरी आल्यावर तिनं फळं सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, खुपसली. "तीन दिवस हात लावाचा नाही."

भाच्याची गाडी दुसऱ्याच दिवशी होती. आईनं पाच फळं कुटारासकट डब्यात भरून दिली. वर्ध्याच्या फलाटावर तो दर पाच मिनिटांनी झाकण उघडून, बोटानं हळूच दाबून बघत होता. गाडी चाळीस मिनिटं लेट होती.